देवदारी खोकं आणि खरा देवदार

रंधा_पटाशी

नमस्कार मंडळी. आमचं घराणं सुतारकामाचं. सांगलीत वडिलांचं दुकान होतं, मी आता पुण्यात फर्निचर करतो. 'देवदारी' हा शब्द अगदी लहानपणापासून कानावर आहे. कारखान्यात मशिनरी आली की तिची देवदारी खोकी आमच्याकडे यायची. खिळे उपटून सरळ करायचे आणि फळ्यांची माळ्यावरची मांडणी, कोंबड्यांचं खुराडं, नाहीतर दुकानाची फडताळं करायची. पांढरट, हलकं, गाठाळ लाकूड. दोन पावसाळे भिजलं की काळं पडायचं, तिसऱ्या वर्षी वाळवी. त्यामुळे देवदारी म्हणजे चार दिवसांचं काम, हे डोक्यात पक्कं बसलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका काकूंनी गावाकडचं घर बांधायला काढलं. एका वखारीतून 'अस्सल हिमालयन देवदार' म्हणून लाकूड आणलं, दर जवळजवळ सागाचा. चौकटी मी केल्या. लाकूड रंध्याखाली घेतल्यावर मला शंका आली होती. पण खरा देवदार मी जन्मात हातात धरला नव्हता, मग कशाच्या जोरावर बोलणार? गप्प राहिलो. पहिला पावसाळा सरला आणि उंबऱ्यापासून वीतभर उंचीपर्यंत चौकटीत बोट रुतायला लागलं. काकू मला एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

म्हणून या एप्रिलमध्ये मुद्दाम हिमाचलात गेलो. कुल्लू जिल्ह्यात बंजारजवळ चैहणी नावाचं गाव आहे. तिथे चैहणी कोठी म्हणून दगड-लाकडाचा उंच मनोरा उभा आहे. १९०५ च्या कांगडा भूकंपात त्याचे वरचे मजले पडले, खालचा भाग अजून जागेवर आहे. त्या भागात एका जुन्या मिस्त्रींकडे तीन दिवस राहिलो. त्यांनी पडक्या घराची एक तुळई दाखवली. बाहेरून राखाडी, भेगाळलेली, चुलीत घालायच्या लायकीची वाटावी अशी. ते म्हणाले, रंधा मार. दोन हात मारले आणि आतून मधासारखा पिवळसर तपकिरी रंग वर आला. वास तर असा सुटला की शेजारच्या खोलीतून त्यांची सून बघायला आली. थोडा कापरासारखा, थोडा टर्पेंटाइनसारखा, मागे गोडसर. घर आजोबांच्याही आधीचं, आणि तेल अजून लाकडात होतं! छिलका बोटांत चोळला की बोटं किंचित तेलकट व्हायची.

तिथली घरं काठकुणी पद्धतीची. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला देवदाराच्या दोन समांतर तुळया टाकतात, त्या आडव्या तुकड्यांनी एकमेकींना खाचेत अडकवतात, मधल्या पोकळीत दगड भरतात. त्यावर दगडांचा थर, पुन्हा लाकडाचा थर, असं वर वर जातात. कोपऱ्यावर तुळया एकमेकींवर आडव्या-उभ्या बसतात. चुना नाही, सिमेंट नाही. भूकंपात भिंत थोडी हलते, दगड एकमेकांवर घासतात, लाकूड सगळ्याला धरून ठेवतं. एक सुतार म्हणून सांगतो, मी त्या कोपऱ्यासमोर अर्धा तास उभा होतो.

आपण ज्याला देवदारी म्हणतो त्याचा आणि या झाडाचा संबंध काय? मला जे कळलं त्याप्रमाणे काहीच नाही. आपली खोकी चीड, फर, स्प्रूस असल्या मऊ लाकडांची. नाव तेवढं देवाच्या झाडाचं. ज्यांना माहिती आहे त्यांनी इथे लिहावं. मला हा विषय नीट समजून घ्यायचा आहे.

---

पाऊलवाट

दादा, फार चांगला धागा. उत्तराखंड-हिमाचलात बरेच ट्रेक केलेत, त्यावरून झाड ओळखण्यापुरतं सांगते.

आपले लोक तिथे गेले की प्रत्येक सूचिपर्णी झाडाला 'पाइन' किंवा 'देवदार' म्हणतात. खाली, गरम दऱ्यांत दिसतो तो चीड. त्याच्या सुया लांबलचक, तीन-तीनच्या जुडीत, आणि खाली वाळक्या सुयांचा घसरडा गालिचा. वर गेलात की कैल, त्याच्या सुया पाच-पाचच्या जुडीत, निळसर आणि लोंबत्या. आणखी वर रई आणि तोष, म्हणजे स्प्रूस आणि फर. देवदार साधारण १,५०० ते ३,२०० मीटरच्या पट्ट्यात. त्याच्या सुया आखूड, दोन ते पाच सेंटीमीटर, आणि फांदीवरच्या बुटक्या कोंबांवर वीस-तीसच्या झुपक्यात फुलासारख्या पसरलेल्या. फांद्या आडव्या मजल्या-मजल्यांनी निघतात, टोकं किंचित खाली झुकलेली. कोवळ्या झाडाचा शेंडासुद्धा वाकलेला असतो.

सगळ्यात पक्की खूण म्हणजे फळ, खरं तर शंकू. चिडाचा शंकू अख्खा खाली पडतो, आपण पिशवीत भरून आणतो तो. देवदाराचा शंकू फांदीवर उभा बसतो, अंड्याच्या आकाराचा, पण अंड्यापेक्षा बराच मोठा. पिकायला वर्षभर लागतं आणि मग तो झाडावरच सुटा होतो. खवले आणि पंखवाल्या बिया वाऱ्यावर जातात, फांदीवर नुसता दांडा उरतो. म्हणून देवदाराखाली अख्खा शंकू सापडत नाही. शेंड्याचा तुकडा तेवढा कधी कधी एकसंध पडतो, तो हुबेहूब लाकडी गुलाब दिसतो. माझ्याकडे असे चार आहेत.

---

औंढेकर

माझं गाव हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ. 'नागेशं दारुकावने' हे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकतो. आमच्याकडे दारुकावन म्हणजे औंढ्याचं रान. गुजरातेत द्वारकेजवळचे लोक त्यांच्या नागेश्वराला तेच म्हणतात. आणि उत्तराखंडात अल्मोड्याजवळ जागेश्वर आहे, त्यांचं म्हणणं दारुकावन म्हणजे देवदाराचं वन, सबब ज्योतिर्लिंग आमचं.

तीन वर्षांपूर्वी जागेश्वरला गेलो होतो. लहान-मोठी शंभरावर दगडी देवळं आणि सभोवार देवदार. दुपारी बारा वाजता देवळाच्या आवारात संध्याकाळसारखा उजेड. मी औंढ्याचा माणूस, माझी श्रद्धा माझ्या नागनाथावर. विसोबा खेचर आणि नामदेव जिथे भेटले ती जागा माझ्यासाठी दुसऱ्या कशाने बदलत नाही. तरी खरं सांगतो, त्या झाडांत उभं राहिल्यावर 'दारु' हा शब्द मला पहिल्यांदा कानांनी नाही, डोळ्यांनी कळला. दारु म्हणजे लाकूड, देवदारु म्हणजे देवाचं लाकूड. आमच्या रानात सागाची, धावड्याची, पळसाची झाडं. देवदार मराठवाड्याच्या उन्हात होणारच नाही.

वाद घालायला लिहिलं नाही. कुणी दुसऱ्या ठिकाणाला कमी लेखून लिहू नये ही विनंती.

---

अबोली_कोलकाता

लग्नानंतर कोलकात्यात आले आणि इथे सगळे रस्त्याकडेच्या एका झाडाला 'देबदारु' म्हणताना ऐकलं. बघते तर आपला आसोपालव! उंच, सरळ, कडेला लाटा असलेली लांब पानं, दाराला तोरण लावतो तोच. शाळेतल्या बाईंनी मुलाच्या वहीत देबदारु म्हणून त्याचं पान चिकटवून घेतलं होतं. दक्षिणेत आणखी तिसऱ्याच एका झाडाला देवदारम म्हणतात, त्याचं लाकूड सुगंधी असतं. म्हणजे जिथे खरं झाड पोचलं नाही तिथे नाव पोचलं आणि ज्याला त्याला चिकटलं. वैद्याच्या किंवा काष्ठौषधीच्या दुकानात मात्र हा घोळ परवडणारा नाही.

---

वैद्य_मालती

अबोलीताईंचा शेवटचा मुद्दा अगदी बरोबर. औषधात वापरायचा तो हिमालयातला देवदारच, सिड्रस देवदारा, आणि त्याचा लाकडाचा गाभा.

मराठी घरांत हे झाड बाळंतिणीच्या खोलीतून आलेलं आहे, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही. बाळंतकाढ्यात देवदार असतो. देवदार्व्यादी काढा म्हणून जो शास्त्रात सांगितला आहे त्यात देवदाराबरोबर वेखंड, कोष्ठ, पिंपळी, सुंठ, कायफळ, नागरमोथा, किराईत, कुटकी, धने, हिरडा अशी बरीच द्रव्यं येतात. माझी आई काढ्याची पुडी उघडली की आधी पिवळसर ढलपी शोधायची, हातावर घासायची आणि वास घ्यायची. वास नसेल तर पुडी परत. मी आजही तसंच करते. आणि रंधादादा, तुम्ही त्या तुळईबद्दल लिहिलंत ना, ते वाचताना मला आईचा तो हातच आठवला.

काढा स्वतःच्या मनाने घेऊ नये, बाळंतिणीची प्रकृती पाहून वैद्याकडूनच घ्यावा.

लाकडाचं तेलही निघतं, ऊर्ध्वपातनाने. पहाडात ते जनावरांच्या खरजेला लावतात, गोमाश्या, पिसवा दूर राहाव्यात म्हणूनही. पूर्वी नदी ओलांडायला फुगवलेल्या कातडी मशकी वापरत, त्यांना हे तेल चोळत, म्हणजे कातडं कुजत नसे.

---

सुभेदार_सातारा

जय हिंद. मी पायदळात होतो. नोकरीची बरीच वर्षं काश्मीरात, त्यातली दोन कुपवाडा भागात लोलाबच्या खोऱ्यात. तिथे देवदाराला दियार म्हणतात. गस्तीवर असताना बर्फात रात्र काढायची तर दियारखाली काढायची, कारण बर्फ वरच्या आडव्या फांद्यांवर थांबतो, बुंध्याशी जमीन बऱ्यापैकी कोरडी मिळते. मात्र दुपारी ऊन आलं की तिथून हलायचं, वरून गोणीगोणीने बर्फ कोसळतो. हे आम्हाला स्थानिक हमालाने शिकवलं.

श्रीनगरची जामा मशीद सुट्टीच्या दिवशी पाहिली होती. आत ३७८ खांब आहेत, प्रत्येक खांब म्हणजे देवदाराचा एकेक अख्खा सोट. मान वर करून बघितलं की छत कुठे आहे ते कळायला वेळ लागतो. झेलमवरचे जुने लाकडी पूल, त्यांना कदल म्हणतात, तेही याच लाकडाचे. दल सरोवरातल्या हाऊसबोटींचा तळ देवदाराचा असतो, वर्षानुवर्षं पाण्यात. हाऊसबोटीच्या मालकाला मी विचारलं होतं, कुजत नाही का? तो म्हणाला, पाण्यात राहिलं तर कुजत नाही, पाण्यात आणि उन्हात आलटून पालटून राहिलं तर काळजी घ्यावी लागते.

आमच्या गावच्या लोकांना मी दियार म्हणजे देवदार सांगितलं तर म्हणाले, खोक्याचं लाकूड का? त्यामुळे तुमचा धागा वाचून फार बरं वाटलं.

---

जुनी_कागदपत्रे

इतिहासाची बाजू मांडतो, कारण खोक्याच्या बदनामीपेक्षा या झाडाचा मोठा घात रेल्वेने केला.

रुळाखाली स्लीपर लागतात, एका मैलाला साधारण १,७६० ते २,०००. लाकडाला क्रिओसोट, म्हणजे डांबरापासून काढलेलं तेल, पाजून टिकाऊ करायची सोय सर्रास होण्याआधी स्लीपरला चालतील अशी लाकडं आपल्याकडे मोजकीच होती. साग, साल आणि देवदार. पंजाब आणि उत्तरेकडच्या लोहमार्गांना जवळचा देवदारच. पण घाटात रस्ते नव्हते, मग ओंडके नदीत सोडायचे. चिनाब, रावी, सतलज, यमुना, टोन्स, भागीरथी, सगळ्या नद्या वाहतुकीचे रस्ते झाले. ओंडक्यावर मालकाचा घणाचा शिक्का, आणि खाली मैदानात आला की शिक्का बघून आपापला वेचायचा.

भागीरथीच्या खोऱ्यात हर्सिलला फ्रेडरिक विल्सन नावाचा इंग्रज होता, 'पहाडी विल्सन' म्हणून प्रसिद्ध. टिहरीच्या राजाकडून त्याने जंगलाचा मक्ता घेतला आणि देवदार तोडून गंगेतून हरिद्वारपर्यंत वाहवला. अमाप पैसा केला. या सगळ्या तोडीची सरकारलाच धास्ती वाटू लागली, कारण स्लीपर संपले तर रेल्वे थांबते. १८६४ मध्ये वनखातं निघालं आणि डीट्रिख ब्रॅंडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ पहिला वनमहानिरीक्षक झाला. १८७८ चा वनकायदा त्यापाठोपाठ. म्हणजे झाडं राखली गेली खरी, पण राखली ती रुळांसाठी, आणि जंगलावरचा गावकऱ्यांचा हक्क त्याच कायद्याने आकसला. आपल्याकडे सह्याद्रीत आदिवासींना याच कायद्यांनी जो त्रास दिला, त्याचं एक मूळ हिमालयातल्या देवदारात आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि झाडाचं वय? डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेच्या संग्रहालयात देवदाराचा एक आडवा काप ठेवला आहे, सातशेहून जास्त वर्षांचा. त्याच्या मधल्या वर्तुळांवर बोट ठेवलं तर ज्ञानेश्वरांचा काळ लागतो.

---

हिरवी_पानं

सगळ्यांचं वाचलं. पण मला एक कळत नाही. इतकं जुनं, इतकं देखणं झाड, आणि चर्चा त्याच्या चौकटी कशा कराव्यात याची? सातशे वर्षांचं झाड कुणाच्या दारासाठी तोडायचं? देवदार वापरूच नये असं मला मनापासून वाटतं.

---

कुल्लूवासी

हिरवी_पानं, तुमची कळकळ समजते. मी मूळचा नाशिकचा, गेली अकरा वर्षं कुल्लूत सफरचंदाच्या कामात आहे. इथून जे दिसतं ते लिहितो.

इथले लोक देवदाराला केलो म्हणतात. हिमाचलचा तो राज्यवृक्ष आहे, आणि सीमेपलीकडे पाकिस्तानचा राष्ट्रीय वृक्ष. गावोगावी देवतेचं बन असतं, आपल्या देवराईसारखं. तिथली काटकीसुद्धा उचलायची तर देवतेला विचारावं लागतं, आणि देवता गूराच्या, म्हणजे अंगात येणाऱ्या माणसाच्या, तोंडून हो किंवा नाही सांगते. मनालीचं हिडिंबा मंदिर १५५३ सालचं, ढुंगरीच्या देवदारबनात उभं आहे. मंदिर देवदाराचं आणि भोवतीचं बनही देवदाराचं. म्हणजे वापरणं आणि राखणं या इथे वेगळ्या गोष्टी नव्हत्या. जो माणूस नातवाच्या नातवासाठी घर बांधतो, तो एक झाड घेतो आणि दोनशे वर्षं दुसरं मागत नाही.

आता सरकारी जंगलातून हक्कदार गावकऱ्याला घरासाठी लाकूड मिळतं, त्याला इथे 'टीडी' म्हणतात. नियम कडक झालेत, वाट बघावी लागते, म्हणून नवी घरं सिमेंटची आणि वर पत्रा. जानेवारीत त्या घरात बसून दाखवा! माझी भाड्याची खोली तशीच आहे, शेजारच्या म्हातारीचं घर काठकुणी. हिवाळ्यात मी संध्याकाळी तिच्याकडेच बसतो.

काठकुणीत सगळं चांगलंच आहे असं नाही. तेलकट लाकूड पेटलं की थांबत नाही. २००८ च्या जानेवारीत मलाणा गावाचा मोठा भाग जळाला. घरं खेटून, चारा वरच्या मजल्यावर, पाणी गोठलेलं.

झाडाला खरा धोका मला दुसरीकडे दिसतो. रस्ता रुंद करताना डोंगराची टाच कापतात, मुळं उघडी पडतात. २०२३ च्या ऑगस्टमधल्या पावसात सिमल्यात शेकड्यांनी झाडं कोसळली, त्यांत मोठमोठे देवदार होते. तोडायला कुणी कुऱ्हाड घेऊन आलं नव्हतं.

---

हिरवी_पानं

हे मला माहीत नव्हतं. म्हातारीच्या घराचं वाचून विचार बदलला असं लगेच म्हणणार नाही, पण 'वापरूच नये' हा शब्द मागे घेते.

---

औंढेकर

या वादावरून कालिदास आठवला. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात सिंह दिलीप राजाला एक देवदार दाखवतो आणि सांगतो, हा शंकराने मुलगा मानलेला आहे, पार्वतीने स्वतः पाणी घालून वाढवलाय. एकदा रानहत्तीने गाल खाजवताना त्याची साल सोलवटली, तर कार्तिकेयाला जखम व्हावी तसं पार्वतीला दुःख झालं. साल खरचटली एवढ्यावर आईचा जीव कळवळला! राखणीसाठी सिंह नेमला तो त्यानंतर.

---

निसर्गवेल्हाळ

पुण्यात बंगल्याच्या आवारात लावता येईल का? नर्सरीत 'देवदार' म्हणून रोप मिळतंय, मजल्या-मजल्यांच्या फांद्या आहेत.

---

पाऊलवाट

ते बहुतेक अरोकेरिया असेल, ज्याला आपल्याकडे ख्रिसमस ट्री म्हणतात. सुयांचे झुपके आहेत का बघा. झुपके नसतील तर देवदार नाही. खऱ्या देवदाराला थंडी लागते, पुण्याचा मे महिना त्याला मानवणार नाही. बी मिळालं म्हणून कुंडीत रुजवलंत तर रुजेलही, पण पुढे रखडत राहतं. जागा आहे तर आपल्या मातीतलं काही लावा.

---

रंधा_पटाशी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन-तीन गोष्टी लिहितो, सुतारभावांना उपयोगी पडतील.

वखारीत 'देवदार' म्हटलं की गप्प बसायचं नाही. फळीचं टोक करवतीने दोन बोटं कापायला लावायचं आणि ताजा काप नाकाशी धरायचा. खऱ्या देवदाराचा वास उग्र असतो, शोधावा लागत नाही. गाभा पिवळसर तपकिरी. त्याच फळीची बाहेरची पांढरट कड मात्र टिकाऊ नसते, ती देवदाराची असली तरी कुजते. मिस्त्रींनी हे मला तीनदा बजावलं. सागापेक्षा लाकूड हलकं. तेलामुळे पॉलिश आणि रंग नीट धरत नाही, आणि बारीक काम केलं तर तडकतं, तेव्हा खुर्चीचे पाय, नाजूक जाळी यासाठी घेऊ नये. तुळई, खांब, चौकट, पेटी ही त्याची कामं. लोकरी कपड्यांच्या पेटीला तर उत्तमच, कसर लागत नाही.

काकूंच्या चौकटी गेल्या महिन्यात बदलल्या. पाडलेल्या एका वाड्याचा जुना साग मिळाला, तो वापरला. मजुरी घेतली नाही. जुन्या चौकटी काढताना त्यांना मिस्त्रींनी दिलेला तुळईचा तुकडा दाखवला, काडेपेटीएवढा असेल. त्यांनी वास घेतला, थोडा वेळ धरून ठेवला आणि म्हणाल्या, "अरे, हा तर बाळंतकाढ्याचा वास."

मालतीताई, तुमचं लिहिणं त्यानंतर वाचलं. तो तुकडा आता त्यांच्याकडेच आहे.

---

वैद्य_मालती

दादा, त्यांना सांगा, वास कमी झाला की पॉलिश पेपर एकदा घासायचा. पुन्हा येतो.